काराकुमच्या वाळूतला अखाल-तेके

उन्हात उभा राहिला, की अखाल-तेके घोडा धातूत ओतल्यासारखा दिसतो. सोनेरी असो वा काळा, अंगावर तकाकी असतेच, कारण ती रंगाची नसून केसाच्या घडणीची असते. केसाचा अपारदर्शक गाभा अगदी बारीक असतो आणि भोवतालच्या पारदर्शक भागातून प्रकाश खेळतो.

या देखणेपणामागे वाळवंटाची कठोर शिस्त आहे. तुर्कमेनिस्तानचा बहुतांश भाग काराकुम वाळवंटाने व्यापला आहे. त्याच्या दक्षिणेला, कोपेत दाग डोंगराच्या पायथ्याशी, अखाल नावाची हिरवी पट्टी आहे. तिथे तेके टोळीचे लोक राहत. चराऊ कुरणे नसल्यामुळे घोड्यांचे मोठे कळप पोसणे अशक्यच होते. मोजके घोडे राहुटीपाशी बांधायचे, नमद्याच्या झुलींनी झाकायचे आणि लसूणघास, जव व मेंढीची चरबी असा थोडका पण कसदार खुराक द्यायचा, ही इथली रीत. लांब मान, पातळ कातडी, विरळ आयाळ आणि सडपातळ अंगाचा हा काटक घोडा अशाच संगोपनात घडला.

या भूमीचे घोड्याशी नाते फार जुने आहे. अश्गाबातजवळच्या निसा येथे पार्थियन राजांचे ठाणे होते आणि त्यांच्या घोडदळाने रोमन सैन्यालाही जेरीस आणले होते. पूर्वेकडच्या फरगाना खोऱ्यातल्या ‘स्वर्गीय अश्वां’साठी चीनचा हान सम्राट वू याने इ.स.पू. 104 ते 101 या काळात सैन्य धाडले. अखाल-तेकेला या प्राचीन घोड्यांचा वारस मानणारे अभ्यासक आहेत.

1881 मध्ये गोक-तेपेचा किल्ला रशियन फौजेने जिंकला. त्यानंतर रशियनांनीच या जातीला प्रदेश आणि टोळी जोडून आजचे नाव दिले. सोव्हिएत काळात सामूहिक शेती आली आणि घरोघरचे घोडे मालकांच्या हातून गेले. तेव्हा या घोड्यांचे मोल पटवून देण्यासाठी 1935 मध्ये तुर्कमेन स्वारांनी अश्गाबात ते मॉस्को ही सुमारे 4,300 किलोमीटरची रपेट 84 दिवसांत पूर्ण केली. वाटेतले काराकुम त्यांनी तीन दिवसांत ओलांडले. पुढे 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत स्वार सर्गेई फिलातोव्ह याने अबसेंत या काळ्याभोर अखाल-तेकेवर बसून ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारातले सुवर्णपदक जिंकले.

आज तुर्कमेनिस्तानच्या राजचिन्हाच्या मध्यभागी हाच घोडा आहे. त्याच्या संगोपनाची आणि त्याला सजवण्याची कला 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत दाखल झाली.