उलट्या बाजूची मजुरी

पोशाखाचा इतिहास बहुधा सुलट बाजू पाहून लिहिला जातो. कापड कोणते, घातले कुणी, एवढ्याची नोंद होते. मी शिवणकाम शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी उलट्या बाजूकडे जाते. गळ्याला किंवा मुंढ्याला आतून जी पट्टी लावतात तिला शिंपी फेसिंग म्हणतात. तिची मोकळी कड कापलेली असल्याने धागे सुटतात. म्हणून ती हाताने दोरा फिरवून किंवा दुमडून टीप मारून बंद करावी लागते. कपडा टिकतो तो अशा कामामुळे, आणि नेमके हेच काम सर्वांत स्वस्त ठरले. ते का?

शिवणयंत्राचे पेटंट एलियास हौ याने १८४६ मध्ये व आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये घेतले. लांब टिपेला लागणारा वेळ एकदम घटला. पण अस्तर टाचणे, कडा बंद करणे, बटणे लावणे ही कामे बराच काळ हातावरच राहिली. मालकाने मग कामाचे तुकडे पाडले. बेतणारा वेगळा, यंत्रावरचा वेगळा, इस्त्रीवाला वेगळा आणि शेवटी 'फिनिशर'. तिला कारखान्यात जागा देण्याचीही गरज नव्हती. घर तिचे, सुई तिची, दिवाबत्ती तिची. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये विजारी फिनिश करणाऱ्या बायकांना दोराही पदरचा घालावा लागे. न्यूयॉर्कच्या चाळींत हे काम मुख्यतः इटलीहून आलेल्या स्त्रिया करीत. लुइस हाइन याने विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या छायाचित्रांत त्यांच्याबरोबर लहान पोरेही कामाला बसलेली दिसतात.

या कामाला कौशल्य लागत नाही, असे सांगितले जाई. सरळ टीप माझ्या विद्यार्थिनींना काही दिवसांत येते. गळ्याच्या गोलाईची कड चुणी न पडता बंद करायला फार सराव लागतो. मग दर कमी का? कारण ते करणारी बाई होती, गरीब होती आणि घरात एकटी होती. श्रमाचा भाव श्रम करणाऱ्याच्या पायरीवरून ठरतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ब्रिटिश उमराव सभेच्या समितीने १८८८ ते १८९० या काळात या पिळवणुकीच्या साक्षी घेतल्या. किमान वेतनाचा कायदा मात्र १९०९ मध्ये आला. त्यात फक्त चार धंदे होते: तयार कपड्यांची शिवण, कागदी खोकी, साखळ्या आणि यंत्रावरच्या लेसचे फिनिशिंग. दर ठरले, तरी क्रॅडली हीथच्या साखळ्या घडवणाऱ्या स्त्रियांना ते पदरात पाडून घेण्यासाठी १९१० मध्ये दहा आठवडे झगडावे लागले. कायदा संघटनेवाचून चालत नाही, हा त्याचा धडा.

आज कडा ओव्हरलॉक यंत्रावर झटपट बंद होतात. तरी मुंबईच्या वस्त्यांत धागे तोडण्याचे आणि बटणे लावण्याचे काम नगावर घरोघर जातेच. घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ मध्ये झाला. भारताने तो मान्य केलेला नाही.

विद्यार्थ्यांनी एवढे तरी करावे. आपल्या वस्तीतल्या बायकांना नगाचा दर विचारावा, दोऱ्याचा खर्च कोण करतो ते विचारावे आणि तारीख घालून लिहून ठेवावे. ईस्ट एंडच्या बायकांची साक्ष कुणीतरी लिहून घेतली, म्हणूनच ती आज वाचता येते.