पाथरीच्या कुलकर्ण्यांची गादी

दख्खनच्या सत्तास्पर्धेवर ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर लेखकाची नजर आधी बिदरच्या दरबाराकडे जाते. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीकडे ती क्वचितच वळते. बिदरच्या कारस्थानात रंग भरपूर आहे. १४८१ मध्ये वजीर महमूद गवानाचा शिक्का मारलेल्या कोऱ्या कागदावर, ओरिसाच्या राजाला चढाईचे आमंत्रण देणारे खोटे पत्र लिहिले गेले. ते वाचून बहमनी सुलतानाने गवानाचा शिरच्छेद करवला. संशयाची सुई मलिक नायब हसनकडे होती. पुढे तोच राज्याचा कर्ता-करविता झाला आणि १४८६ मध्ये स्वतःही मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये अहमदनगरची निजामशाही स्थापली. इतिहासकार फेरिश्ता सांगतो, की हा मलिक नायब मूळचा ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला. विजयनगरच्या मुलखात लहानपणी पकडला जाऊन मुसलमान झालेला. माझ्या मते या राजकारणाचा गाभा खोट्या पत्राइतकाच या वतनात, म्हणजे कुलकर्णीपणाच्या वंशपरंपरागत हक्कात आहे.

निजामशाही उभी राहिल्यावर नगरकरांनी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे पाथरी मागितली आणि बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला, तेव्हा १५१८ मध्ये त्यांनी ती लढून घेतली. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा तेव्हा पोरवयाचा होता, म्हणजे हा हट्ट राजाच्या भावनेचा कमी आणि कारभाऱ्यांच्या हिशेबाचा जास्त. कोणी म्हणेल, गोदाकाठच्या काळ्या जमिनीचा वसूल आणि सरहद्दीवरचे ठाणे एवढेच कारण पुरेसे आहे. पण नुसता वसूल हवा असता तर पाथरीच्या बदल्यात दुसरा मुलूख सोडायची तयारी कशाला? आणि गाव हाती आल्यावर ते आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम का दिले? सरहद्दीचा लाभ होताच. त्याला वतनाच्या हक्काची जोड हवी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फेरिश्ता जवळजवळ शतकभराने लिहीत होता, त्यामुळे ही वंशकथा दरबारी असू शकते. ती तशी मानली तरी तिच्या नावावर फौजा हलल्या, आणि पाथरीसाठी १५२७ मध्ये पुन्हा लढाई झाली. ज्या दरबारात आफाकी (परदेशातून आलेले) आणि दख्खनी (स्थानिक) सरदारांचे वैर जिवावर उठत होते, तिथे या मातीतले वतन दाखवता येणे हे मोठे राजकीय बळ होते. तलवारीने मिळालेल्या सत्तेला टिकण्यासाठी गावकीचा हक्कही लागत होता. दख्खनच्या महत्त्वाकांक्षेची गोष्ट लिहिणाऱ्याने हा हक्क वगळला, तर त्याच्या हाती फक्त कपट उरेल. राज्य कशावर उभे राहिले ते कळणार नाही.