संकेतस्थळ एकीकडे, डीएनएस दुसरीकडे

संकेतस्थळ चालविणाऱ्या अनेकांचा असा समज असतो की डोमेन नेम, होस्टिंग आणि डीएनएस ही एकाच सेवेची तीन नावे आहेत. तिन्ही गोष्टी एकाच कंपनीकडून, एकाच बिलात मिळत असल्याने हा समज पक्का होतो. प्रत्यक्षात नावाची नोंद रजिस्ट्रारकडे असते, पाने आणि छायाचित्रे होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असतात, आणि हा सर्व्हर कोणत्या आयपी पत्त्यावर आहे हे विचारणाऱ्याला सांगण्याचे काम डीएनएसचे. हे तिसरे काम त्रयस्थ कंपनीकडे सोपविता येते.

ही सोय मूळ रचनेतच आहे. इंटरनेटच्या प्रारंभी सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच फाइलमध्ये असत आणि ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. संगणक वाढले तशी ही व्यवस्था अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेल्या डीएनएसमध्ये ही जबाबदारी वाटून देण्यात आली. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन'ची यंत्रणा केवळ अमुक नावाची माहिती कोणत्या नेमसर्व्हरकडे आहे एवढेच सांगते. तो नेमसर्व्हर कोणाचा असावा, हे नावाच्या मालकाने ठरवायचे असते. (गूगलने २००९ मध्ये सुरू केलेली ८.८.८.८ ही सेवा वेगळी. ती संकेतस्थळाच्या मालकासाठी नव्हे, तर पाहणाऱ्याच्या बाजूने शोध घेण्यासाठी आहे.)

त्रयस्थ सेवेचा खरा लाभ होस्टिंग बदलताना कळतो. जुन्या कंपनीशी बिनसले, तिने खाते बंद केले आणि डीएनएसही तिच्याकडेच असले, तर संकेतस्थळाबरोबर ई-मेलही थांबते; मेल तिसऱ्याच कंपनीकडे असली तरीही. डीएनएस स्वतंत्र असल्यास 'ए' रेकॉर्डमधील पत्ता बदलला की काम झाले.

मात्र स्थलांतर घाईने करू नये. नव्या सेवेत आधी सर्व रेकॉर्ड उतरवून घ्यावेत: संकेतस्थळाचा 'ए', 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'चा 'सीनेम', मेलचे 'एमएक्स' आणि मेलची सत्यता पटविणारे 'टीएक्सटी'. काही सेवा जुने रेकॉर्ड आपोआप शोधून आणतात, परंतु वेगळ्या नावाने ठेवलेले डीकेआयएमचे रेकॉर्ड त्यांच्या नजरेतून सुटू शकतात. मग संकेतस्थळ व्यवस्थित दिसते, पण पाठविलेली पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात आणि हे लक्षात येण्यास आठवडे लागतात. डीएनएससेक चालू असेल तर रजिस्ट्रारकडील 'डीएस' रेकॉर्ड आधी काढून थोडा काळ जाऊ द्यावा. अन्यथा सही न जुळल्याने अनेकांना संकेतस्थळ सापडेनासे होते. त्यानंतरच नेमसर्व्हर बदलावेत. 'डॉट कॉम'च्या यंत्रणेतील नेमसर्व्हरची नोंद इतरत्र १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, साठवून ठेवली जाऊ शकते. तोवर जुन्या ठिकाणचे रेकॉर्ड पुसू नयेत.

पुढची अडचण सहसा कोणी सांगत नाही. होस्टिंग कंपनी देखभालीसाठी आपला सर्व्हर बदलते, तेव्हा ती स्वतःच्या डीएनएसमध्ये नवा पत्ता आपणहून लिहिते. तुमच्या त्रयस्थ सेवेत तो तुम्हालाच लिहावा लागतो. संकेतस्थळ बंद आणि कंपनी म्हणते सर्व सुरळीत, असा प्रसंग येतो तो बहुधा यामुळे. म्हणून कंपनीच्या सूचनांची पत्रे न वाचता टाकून देऊ नयेत. सर्व उपनावांना चालणारे लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्रही डीएनएसमधील नोंदीवरूनच मिळते, त्यामुळे होस्टिंग कंपनी ते परस्पर नूतनीकृत करू शकत नाही.

त्रयस्थ सेवा अभेद्य असते असेही नाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिराई या बॉटनेटने अमेरिकेतील डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला चढविला, तेव्हा ट्विटर, स्पॉटिफाय, गिटहब अशी संकेतस्थळे अनेकांना तासन्‌तास उघडता आली नाहीत. त्यांचे स्वतःचे सर्व्हर चालूच होते. मोठ्या संस्था त्यासाठी दोन कंपन्यांचे नेमसर्व्हर एकाच वेळी वापरतात. लहान दुकानाच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळाला एवढा खटाटोप परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही.

रजिस्ट्रार आणि डीएनएस, दोन्ही खात्यांवर नोंदविलेला ई-मेल पत्ता मात्र त्याच डोमेनवरचा नसावा. डीएनएस बिघडले की पासवर्ड बदलण्याचे पत्रही त्याच बंद दारावर येऊन थांबते.