पाणी नाकारणारी वाळू

जमिनींत सेंद्रिय द्रव्य जितकें अधिक, तितका तींत ओलावा अधिक टिकतो, हें सूत्र आम्ही शेतकीच्या पुस्तकांतून लहानपणापासून वाचीत आलों आहों. सूत्र खोटें नाहीं. शेणखताचे व पालापाचोळ्याचे गुण आमच्या शेतकऱ्यांस कोणीं नव्यानें शिकवावयास नकोत. परंतु कांहीं रेताड जमिनींत हेंच द्रव्य पाण्यास दारांतूनच परत लावितें. ही गोष्ट विद्वानांच्या ध्यानीं कशी आली, याचा इतिहास बोधप्रद असल्यामुळें तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दीर्घ उन्हाळ्यानंतर पहिला पाऊस पडावा आणि पाणी वाळूंत न मुरतां अळवाच्या पानावरील थेंबाप्रमाणें वरच्यावर डळमळत राहावें, हा देखावा ऐकणारास चमत्कारिक वाटेल. पण तो जगाच्या अनेक भागांत दिसतो. अमेरिकन सरकारच्या मृत्तिका-विभागांतील श्रायनर व शोरी या रसायनज्ञांनीं १९१० सालीं मातींतील सेंद्रिय द्रव्यांवर जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तींत कॅलिफोर्नियांतील अशाच एका न भिजणाऱ्या मातीचा उल्लेख आहे. १९१७ सालीं शांट्झ व पीमायझेल यांनीं कोलोरॅडोच्या माळावर अळंब्यांचीं वर्तुळें तपासलीं. जेथें बुरशीचे तंतू दाट, तेथें पाणी आंत शिरण्यास अडथळा होतो, असें त्यांस आढळलें. पुढें १९४० नंतर जेमिसन यांनीं फ्लोरिडांतील संत्र्यालिंबांच्या बागांत पाहिलें कीं, झाडाखालची वाळू एकदां वाळली म्हणजे पुन्हां सहजासहजीं ओली होत नाहीं.

या नोंदी दीर्घकाळ सुट्याच राहिल्या. रूढ सूत्रास न जुळणारी गोष्ट अपवाद म्हणून बाजूस सारणें पंडितांसही सोपें जातें, असें आमचें मत आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण व पश्चिम भागांत मात्र प्रश्न पोटाचा होता. तेथील विस्तीर्ण वाळवट शेतांत पेरलेलें बीं एके ठिकाणीं उगवे आणि हातभर अंतरावर कोरड्या वाळूंत तसेंच पडून राही. उघडी पडलेली जमीन वारा उडवून नेई. ॲडलेड येथील बाँड यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत या दोषांतील बुरशीचा भाग दाखवून दिला. १९६८ सालीं कॅलिफोर्नियांत रिव्हरसाइड येथें या एकाच विषयासाठीं परिषद भरली. १९८८ सालीं ॲडलेडच्या वेट शेतकी संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं द्रावकाच्या साह्यानें अशा वाळूवरील मेणचट पदार्थ काढून घेतले, तों ती पाणी पिऊं लागली. तेच पदार्थ स्वच्छ वाळूस चोपडले, तों ती पाण्यास विन्मुख झाली.

कार्यकारणभाव असा आहे. आपल्या अंगचें पाणी उडून जाऊं नये म्हणून झाडांच्या पानांवर मेणाचा थर असतो. पान कुजतें, पण मेण सावकाश कुजतें, आणि त्याचा पातळ लेप वाळूच्या कणांवर बसतो; बुरशीही त्यांत भर घालते. वाळूचा कण मोठा, म्हणून मूठभर वाळूचें एकंदर पृष्ठफळ अल्प. तें झांकण्यास थोडकें मेण पुरतें. तितक्याच वजनाच्या चिकणमातीचें पृष्ठफळ शेकडों पटींनीं अधिक असल्यामुळें तींत तेवढें मेण कोठल्या कोठें पसरून निष्प्रभ होतें. आमच्या देशावरील काळ्या जमिनींत चिकणमाती विपुल आहे. त्यामुळें तेथील शेतकऱ्यास हें दुखणें सहसा ठाऊक नसतें.

उपायाची कथा याहून मनोरम आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील बॉर्डरटाउनच्या परिसरांत १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका शेतकऱ्याच्या असें ध्यानांत आलें कीं, वाळूवर चिकणमाती पसरली म्हणजे ती भिजूं लागते. पुढें ही रीत त्या प्रांतांत रुळली. हेक्टरीं शंभराहून अधिक टन माती वाहून घालावी लागते, म्हणजे श्रम व खर्च थोडा नव्हे. आमच्याकडे हलक्या रानांत तळ्याचा गाळ टाकण्याची चाल आहे. तिचा हेतु निराळा असला, तरी वाचकांस तिचें स्मरण होईल. मेणाचा पुरावा प्रयोगशाळेनें हातीं दिला, त्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें शेतानें उपाय दाखविला होता.

यावरून सेंद्रिय द्रव्य त्याज्य ठरतें, असें कोणीं समजूं नये. त्याविना ती वाळू निःसत्त्वच राहील. परंतु एका भूमींत पडताळलेलें सूत्र दुसऱ्या भूमीस लावण्यापूर्वीं मूठभर कोरडी माती घेऊन तीवर पाण्याचा एक थेंब सोडून पाहावा. थेंब पांच सेकंदांहून अधिक काळ तसाच राहिला, तर माती पाणी नाकारीत आहे असें संशोधक धरतात. या परीक्षेस उपकरणें लागत नाहींत, आणि पेरणीपूर्वीं ती केल्यानें बीं व श्रम दोन्ही वांचतात.