पेवापासून उचलीपर्यंत : दिंद्रुड आणि बालाघाटच्या कोरडवाहू गावांचा इतिहास

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव दोन भिन्न प्रदेशांच्या सीमेवर वसलेले असून, त्याच्या उत्तरेस सिंदफणा आणि गोदावरी यांच्या काठची सपाट, काळ्या मातीची जमीन पसरली आहे, तर दक्षिणेस धारूरच्या बाजूने बालाघाटचे डोंगर चढत जातात. गोदावरीला गंगा म्हणण्याच्या रिवाजामुळे पहिल्या प्रदेशाला ‘गंगथडी’ हे नाव पडले आणि वरच्या पठाराला ‘घाट’ किंवा ‘बालाघाट’ म्हटले जाऊ लागले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या जिल्ह्यात पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. परंतु सरासरी हा शब्द येथे फसवा आहे, कारण एखाद्या वर्षी निम्माच पाऊस होतो आणि डोंगरउतारावरच्या मुरमाड, बरड जमिनीत त्यातील फारच थोडा मुरतो. त्यामुळे चांगल्या वर्षाची शिल्लक वाईट वर्षापर्यंत कोठे आणि कोणाच्या हातात राहते, हा या गावांपुढचा जुना प्रश्न आहे आणि त्यांचा इतिहास याच प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरांतून उलगडतो.

या प्रश्नाचे मराठवाड्याने शोधलेले जुने उत्तर म्हणजे पेव, अर्थात धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेला खड्डा. गाव ज्या पांढऱ्या, घट्ट आणि कोरड्या मातीवर वसते, त्या ‘पांढरी’त पेव खोदले जाई, त्याचे तोंड माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद आणि पोट रुंद असे. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरलेली रब्बी ज्वारी खळ्यावर मळून, उन्हात खडखडीत वाळवून पेवात ओतली जाई; तत्पूर्वी तळाला आणि कडांना कडबा व भुसकट यांचा जाड थर लावून मातीची ओल अडवली जाई, आणि शेवटी तोंडावर दगड ठेवून ते मातीने लिंपले जाई. आत ताजी हवा शिरत नसल्यामुळे कीड जगत नसे आणि ज्वारी काही वर्षे टिके, जरी कडेचे दाणे काळवंडत आणि उरलेल्या धान्याला विशिष्ट वास येई. कोंडलेल्या वायूने माणूस गुदमरून दगावण्याचा धोका असल्याने पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. दिवा सोडून तो विझतो की तेवत राहतो हे पाहिले जाई आणि मगच माणसाला खाली सोडले जाई. एखादी गोष्ट एकाएकी उदंड झाली की तिचे ‘पेव फुटले’ असे मराठी माणूस आजही म्हणतो. पेव ज्यांनी कधी पाहिले नाही त्यांच्याही बोलण्यात या साठ्याची आठवण अशी शिल्लक राहिली आहे.

जगातील अन्य डोंगरी शेतकरी समाजांनीही हाच प्रश्न आपापल्या हवामानानुसार सोडवला आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या उंच प्रदेशात राहणारे तोराजा लोक भातासाठी ‘अलांग’ नावाचे लाकडी कोठार उंच, गुळगुळीत खांबांवर बांधतात, ज्यामुळे ओल लागत नाही आणि उंदीर वर चढू शकत नाहीत. पावसाळी प्रदेशाने धान्य जमिनीपासून उचलले आणि कोरड्या प्रदेशाने ते जमिनीत पुरले, इतकाच काय तो फरक. कोठाराला घराण्याच्या प्रतिष्ठेचे स्थान मात्र दोन्हीकडे मिळाले. मराठवाड्याच्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार आदी बलुतेदारांना त्यांच्या कामाचा मोबदला, म्हणजे बलुते, खळ्यावरच्या धान्यातून मिळत असल्यामुळे ज्वारी हे गावचे अन्नही होते आणि चलनही. ही व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती आणि पेव बहुधा जमीनवाल्यांचेच असे, ही गोष्ट तिचे गुण सांगताना विसरता येत नाही.

ही शिल्लक गावातून निघून जाण्याची कारणे अनेक आहेत. हैदराबाद संस्थानात शेतसारा रोखीत भरावा लागू लागल्यावर भाव पडलेले असताना, म्हणजे सुगीतच, धान्य विकण्याची वेळ लहान शेतकऱ्यावर येऊ लागली आणि वर्षाच्या अखेरीस तेच धान्य सावकाराकडून चढ्या दराने घेणे भाग पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानाने धान्यावर लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, लादली. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थानाची राजवट संपली, पुढच्या वर्षी जहागिऱ्या रद्द झाल्या आणि 1950 च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. तथापि, जमिनीवरचा हक्क बदलला तरी मुरमाड जमिनीतील ओल वाढली नाही. त्यानंतर आलेल्या संकरित ज्वारीने उत्पन्न वाढवले, पण खरिपातला तिचा दाणा पावसात काळा पडे आणि रब्बीच्या मालदांडी ज्वारीसारखा टिकत नसे. पुढे कापूस आणि सोयाबीन यांनी ज्वारीची जागा घेतली, तेव्हा पेवात ठेवण्याजोगे काही उरले नाही.

1972 च्या दुष्काळाने ही पोकळी उघडी पाडली. खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावांची माती वाहणाऱ्या मजुरांच्या रांगा, परदेशातून आलेला लाल मिलो आणि वाटपातील सुकडी या त्या वर्षाच्या खुणा जुन्या पिढीच्या स्मरणात घट्ट आहेत. त्या अनुभवातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप मिळाले. 1977 मध्ये संमत झालेला हा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला आणि वाईट वर्षाची जबाबदारी शासनाने स्वीकारल्याची ती स्पष्ट कबुली ठरली.

मात्र घाटावरच्या कुटुंबांनी मुख्यतः दुसराच मार्ग धरला. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत गेले, तसतशी दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्या जुंपून नगर, सांगली, कोल्हापूरकडे ऊसतोडीला जाण्याची रीत रूढ झाली. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेला ‘उचल’. पेव आणि उचल यांची तुलना केल्यास बदलाचे खरे स्वरूप कळते : पेवात झालेल्या श्रमाचे फळ साठवलेले असे, तर उचलीत पुढे करायच्या श्रमाचे मोल आधीच खर्च झालेले असते, म्हणून फडात कितीही मोळ्या बांधल्या तरी उचल फिटेलच याची खात्री नसते आणि उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. याची सर्वांत जड किंमत स्त्रियांनी मोजली. 2019 मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले, आणि हा आकडा समाजाने कधीही विसरू नये असा आहे.

दरम्यान जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले आणि कालव्याखालच्या गंगथडीत ऊस उभा राहिला, तेलगावला सहकारी कारखानाही आला. खाली ऊस पिकतो आणि वर ऊस तोडणारे हात तयार होतात, असे विचित्र चित्र दिंद्रुडसारख्या सीमेवरच्या गावाला दोन्ही बाजूंनी दिसते.

अशा गावांचे भवितव्य म्हणूनच शिल्लक पुन्हा गावात कशी राहील यावर अवलंबून आहे. बालाघाटच्या मुरमात फारसे पाणी न मागता वाढणाऱ्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या सीताफळाने एक दिशा दाखवली आहे. 2020 पासून ‘बीड पॅटर्न’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पीकविमा पद्धतीत विमा कंपनीच्या नफ्याला मर्यादा घालून उरलेली रक्कम शासनाकडे परत घेण्याची तरतूद झाली, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहेही सुरू झाली. परंतु या सर्वांच्या मुळाशी उतारावर बांध घालून पाणी जिथल्या तिथे मुरवण्याचे संथ काम आहे. पेव खोदणाऱ्यांनी धान्य मातीच्या स्वाधीन केले होते. त्यांच्या वंशजांना आता पाऊस मातीच्या स्वाधीन करायचा आहे, आणि ती शिल्लक ज्या वर्षी पुरेल त्या वर्षी दसऱ्यानंतर गाडी जुंपायची की नाही, हे घाटावरचे कुटुंब स्वतः ठरवू शकेल.