धोट्यातला धागा

१९२८चा मुंबईतला गिरणी संप मी वर्गात बरीच वर्षं शिकवला, तो मजुरीचा लढा म्हणून. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. मागावर कांडी बदलली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावं लागे. या उष्ट्या धाग्याचा विटाळ नको, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना सवर्ण कामगारच येऊ देत नसत. पगार तिथेच जास्त! कताई खात्यात राबणाऱ्याला नवं काम शिकायची सोयच नव्हती. ही बंदी उठवा, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी त्या संपात धरला होता.

मालकाविरुद्ध एक झालेली माणसं धोट्यापाशी वेगळी होती, हे मुलांना सांगायला हवं होतं.