परतणाऱ्यांची अट

आपल्या साहित्याने गावी परतणाऱ्याचे कौतुक पुष्कळ केले आहे. शहरात शिणलेला नायक एस्टीतून उतरतो, पायाला माती लागते आणि लेखणी ओलावते. 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकरही पुण्याहून गावीच परततो. तिथे त्याला शांती लाभत नाही, हा नेमाड्यांचा प्रामाणिकपणा. पण गावी गेलेला माणूस विचारपूर्वक पुन्हा शहरात आला आणि त्या निर्णयाशी त्याचे मन जुळले, असे चित्रण सहसा आढळत नाही. ही उणीव जाणवली ती स्वतःवर वेळ आली तेव्हा.

प्रस्तुत लेखक सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा, आणि राहायला मुळशी तालुक्यातील माण या गावी. नाव एकच, मात्र एकीकडे दुष्काळ, तर दुसरीकडे हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीचा तिसरा टप्पा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आम्ही पहिल्या माणला गेलो. तास मोबाइलवरून होत असत. महाविद्यालये पुन्हा उघडली तेव्हा निघण्याचा निर्णय घेतला खरा, पण आईला एकटी टाकून निघालो ही बोचणी काही जाईना. ती गेली, निदान बोथट झाली, ती एका जुन्या साथीचा इतिहास वाचताना.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. गिरण्यांतला कामगार बहुतांशी कोकणचा आणि घाटावरचा. तो बोटीने, आगगाडीने, प्रसंगी पायी आपल्या गावी गेला. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. प्लेग तर वर्षानुवर्षे येतच राहिला. तरीही १९११ मध्ये तीच संख्या ९ लाख ७९ हजार झालेली दिसते. म्हणजे माणसे परतली, नवीही आली, आणि साथ पुरती संपण्याची वाट कोणी पाहिली नाही.

पोटासाठी परतली, असे म्हणून हा विषय मिटवता येतो. आपले पाठ्यक्रम तो तसाच मिटवतात. परंतु या परतण्यात एक वेगळी गोष्ट घडली. एरवी गिरणीचा पगार महिन्याने, तोही थकवून मिळे. अडकलेल्या पगारामुळे कामगार बांधलेला राही. प्लेगच्या दिवसांत हात कमी पडू लागले, तेव्हा शहरात राहिलेल्या आणि परतलेल्या मजुरांनी रोजचा दाम रोज मागितला. मालकांना तो द्यावा लागला. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागू लागली आणि आज या गिरणीत, तर उद्या त्या गिरणीत, असे काम चालले. साथ ओसरल्यावर ही पद्धत टिकली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरी काही काळ का होईना, ज्याला गावी परत जाण्याची मोकळीक होती तोच शहराशी ताठ मानेने बोलू शकला. गाव ही त्याची माघार नव्हती, सौद्यातली बाजू होती.

याच्या उलट १९८२. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले कित्येक पूर्वजांप्रमाणेच गावी गेले आणि आपल्या वेळेला परत आले. पण या खेपेस शहराला त्यांची गरज उरली नव्हती. गिरण्या हळूहळू बंद पडल्या, जमिनीला भाव आला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकातले घर पाहताना जीव गुदमरतो. रस्ता तोच, माणसेही त्याच मुलखातली, पण अट घालणारा बदलला होता.

आमच्याच पेशातले तासिका तत्त्वावर राबणारे सहकारी आठवले, तर हे सारे फार जुने वाटू नये. असो.

तेव्हा 'गाव की शहर' हा प्रश्नच आम्ही चुकीचा विचारत होतो, असे वाटू लागले. निघताना आई म्हणाली होती, "तू गेलास म्हून हीर आटत न्हाय. पर येत जा." त्या वेळी तो टोमणा वाटला होता. आज वाटते, तिने अट घातली होती. ती पुरी करता यावी म्हणून वेळापत्रकात शनिवार मोकळा मागून घेतला. त्या बदल्यात सकाळी सातचा तास पत्करला, जो कोणालाच नको होता. शुक्रवारचा शेवटचा तास संपला की खडू ठेवतो आणि स्वारगेट गाठून दहिवडीची एस्टी धरतो. सोमवारी पहाटे तीच वाट उलटी.